वेलदोड्याबद्दलचं मत सासूबाईंचं

सकाळी दहाला मी ओट्यावर सहा पांढरी चिनी मातीची भांडी ओळीनं मांडते. प्रत्येकात ३ ग्रॅम चहा, वर १५० मिलिलिटर उकळतं पाणी, झाकण, आणि मोबाइलवर ६ मिनिटांचा गजर. जून २०१८ पासून आठवड्यातले तीन दिवस माझं हे काम चाललं आहे. पुण्यात रविवार पेठेतल्या एका चहाच्या व्यापाऱ्यांकडे निरनिराळ्या स्वादांचे चहा येतात, काही ते स्वतः मिसळून घेतात. दुकानात ठेवण्याआधी प्रत्येकाचा ५० ग्रॅमचा पुडा माझ्याकडे येतो. मी तो चाखते आणि पानभर लिहून देते, मराठीत. मराठीची अट त्यांचीच. पाकिटावरचं इंग्रजी वाचून झाल्यावरही गिऱ्हाईक काउंटरवर विचारतंच, ‘पण लागतो कसा?’

त्याआधी मी १८ वर्षं एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे मोजल्याशिवाय माझा हात पुढे जात नाही. चहा चाखण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेलं आहे, आयएसओ ३१०३. १९८० साली ते पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम पत्ती, भांडं चिनी मातीचं, वेळ ६ मिनिटं. घरी कुणी पत्ती इतका वेळ ठेवणार नाही, जीभ आखडेल एवढा तुरटपणा उतरतो. पण चहा छान व्हावा म्हणून ही रीत नाहीच. मंगळवारचा चहा आणि शुक्रवारचा चहा यांच्याबद्दल एकाच मापानं बोलता यावं, एवढ्यासाठी ती आहे. ग्रीन टी मात्र मी पुन्हा एकदा ८० अंशांच्या पाण्यात करून बघते, कारण पिणाऱ्यानं तो तसाच करायचा असतो. आणि जो चहा दुधात जायचा आहे तो पातेल्यात, दूध-साखर घालून, नीट उकळी आणून.

मला सगळ्यात जड गेला तो भुरका. लहानपणी बशीतून चहा पिताना आवाज झाला की आई फक्त वळून बघायची, तेवढं पुरे व्हायचं. आणि इथे चमचाभर चहा हवेसकट जोरात ओढायचा, म्हणजे त्याचा फवारा टाळ्याला लागतो आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्या चवी जिभेच्या वाट्याच्या. गुलाब, संत्रं, वेलदोडा हे सगळं नाकाचं काम. नाक दाबून गुलाबाचा चहा प्या, हाती फक्त कोमट तुरटपणा लागेल. भुरका मारून घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. सहाच्या सहा भांडी पोटात गेली तर रात्री डोळा लागत नाही.

थुंकायला मी एक जुनं पितळी तस्त घेतलं. माझ्या सासूबाई राजापूरकडच्या. ते तस्त ओट्याजवळ पाहून पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘अन्न थुंकायचं नसतं गं.’ मी कारण सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःची कपबशी घेऊन आल्या. ‘तू थुंक. मी पिते.’ तेव्हापासून त्या या कामात आहेत.

घरात चहा चाखायचा म्हणजे घराशी करार करावा लागतो. हिंगाची फोडणी झाली की दोन तास काही करता येत नाही. तळण नाही, अत्तर नाही, वासाचं तेल नाही. प्रश्न उदबत्तीचा होता. सासूबाईंची पूजा सातला, आणि चंदनाचा वास दहापर्यंत पडद्यांत राहायचा. सांगायला मला धीर होत नव्हता. त्यांच्याच ते लक्षात आलं आणि त्या तीन दिवसांपुरतं नुसतं निरांजन लावायला त्यांनी सुरुवात केली. ‘देव उदबत्तीवाचून राहील,’ म्हणाल्या, ‘तुझं काम राहायचं नाही.’

पाण्यानं मात्र मला चांगलंच शिकवलं. एका मे महिन्यात सोसायटीत टँकर येत होता. पाणी बोअरचं, जड. सगळ्या भांड्यांवर पातळ, फुटक्या सायीसारखा थर आला, रंग काळपट झाला, संत्र्याचा म्हणून आलेला चहा मातकट लागला आणि मी तसंच लिहून पाठवलं. महिन्यानं नळाच्या पाण्यात त्याच पुड्यातला चहा केला तर तो स्वच्छ लालसर, मोसंबी सोलताना बोटांना येतो तसा वास असलेला. जड पाण्यातला चुना आणि पत्तीतली तुरट द्रव्यं मिळून तो थर धरतो, हे प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढलेल्या बाईला सुचायला हवं होतं. फोन करून मी तो कागद परत मागवला. एका चांगल्या चहावर महिनाभर माझ्या हातचा डाग होता, ही गोष्ट मला अजून टोचते.

सुरुवातीची माझी पानं आज वाचवत नाहीत. त्यांत ‘फ्लोरल’, ‘फ्रूटी’, ‘माल्टी’ असे शब्द नुसते देवनागरीत उतरवलेले. व्यापाऱ्यांनी एक पान परत धाडलं. ‘ताई, हे तर पाकिटावर आहेच.’ ते पान घेऊन मी बसले होते. समोर आसामच्या चहाची वाटी, आणि ‘माल्टी’ला शब्द सुचत नव्हता. सासूबाईंनी भुरका मारला आणि म्हणाल्या, ‘नाचणीचं सत्त्व शिजताना येतो ना वास, तो आहे.’ मी चकित झाले. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि नाचणीचं सत्त्वही मोड आलेल्या नाचणीचंच. त्यांनी ना ते पाकीट वाचलं होतं, ना माल्ट हा शब्द ऐकला होता.

मग मी विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या. दार्जिलिंगचा मे-जूनमधला खुडा आला. त्या पानांना तुडतुडे चावतात, पान त्यावर आतून काहीतरी करतं, आणि वरून काही न घालता चहाला द्राक्षासारखा वास येतो. त्या म्हणाल्या, ‘मनुका भिजत घातलेल्या वाटीतलं पाणी.’ चीनमधल्या वुयी डोंगरातला, पाइनच्या धुरावर वाळवलेला लॅपसँग सूचाँग आला, तेव्हा माझ्या वहीत फक्त ‘धुरकट’ होतं. त्यांनी एकच घोट घेतला आणि कप खाली ठेवला. ‘आगोटीत लाकडं ओली झाली की न्हाणीतली चूल अशी धुमसते.’ तो चहा त्यांना आवडला नाही, पण तो दुकानात विकला गेला तो त्याच वाक्यावर. कोकणातली चूल आठवणारी माणसं तो मागून घेत होती.

अर्ल ग्रेची गोष्ट मला फार जवळची आहे. त्यात बर्गमॉट नावाच्या फळाच्या सालीचं तेल असतं. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात पिकतं. मी लिहिलं होतं, ‘लिंबासारखा, पण किंचित औषधी.’ सासूबाई म्हणाल्या, ‘लिंबू कुठलं? हे म्हाळुंग.’ कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते महाळुंग, जाड सालीचं. मला वाटलं, जवळचं काही सुचलं म्हणून म्हणाल्या. नंतर वाचताना कळलं की बर्गमॉट हा लिंबू आणि आंबट नारिंग यांचा संकर मानला जातो, आणि लिंबू स्वतःच महाळुंग आणि आंबट नारिंग यांच्यापासून झालेलं. म्हणजे महाळुंग हे बर्गमॉटचं आजोळ. इतक्या लांबचं नातं त्यांच्या नाकानं एका घोटात ओळखलं होतं.

नावांनी फसायला होतं, तेही याच कामात उमगलं. ‘हिबिस्कस टी’ म्हटलं की लोकांना जास्वंद आठवते. तो असतो लाल अंबाडीच्या बोंडांचा, ज्याचं आपल्याकडे सरबत करतात. एवढं एक वाक्य लिहिल्यावर गिऱ्हाइकांना त्याचा आंबटपणा समजावून सांगावा लागला नाही. निळा चहा म्हणजे गोकर्णाची फुलं. लिंबू पिळलं की जांभळा होतो, दिसायला सुंदर, चवीला जवळजवळ काही नाही, आणि मी तसं लिहिते. आपला गवती चहा तर नावात चहा असून चहाच्या झाडाचा कुणी लागत नाही. तरी सासूबाईंच्या लेखी कोरा चहा, पातीची दोन पानं आणि आल्याचा तुकडा याच्यापुढे माझ्या ओट्यावरचे सगळे पुडे पाहुणे.

बाजारातल्या स्वादाच्या बहुतेक चहांत सुगंध वरून दिलेला असतो: नैसर्गिक तेल, किंवा कारखान्यात तयार केलेलं त्याच घटकांचं द्रव्य. पत्तीवर ते शिंपडतात, पत्ती ते धरते. त्यात वाईट काही नाही. पण पुडा फोडल्याबरोबर खोलीभर घमघमाट होणाऱ्या चहाची मला काळजी वाटते, कारण जेवढं खोलीत गेलं तेवढं कपात येणार नाही. वेलची लावलेली बारीक पत्ती पातेल्यात पाच मिनिटं उकळा. शेजाऱ्यांना वास येईल, आपल्याला नाही. सोलून ठेचलेल्या वेलदोड्याचा वास दाण्यात कोंडलेला असतो, तो सावकाश सुटतो. दूध आणखी काही करतं. दुधातली प्रथिनं चहाच्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि चहा मऊ होतो, पण त्या मऊपणात हलके वास बुडून जातात. म्हणून गुलाबाच्या चहात दूध घालू नका, असं मी प्रत्येक पानावर लिहीत आले आहे. आंब्याच्या स्वादाचा चहा मला आजवर एकही पटलेला नाही. ज्या घरात मे महिन्यात पेटी उघडते, त्या घरात तो वास खोटा ठरतो.

चहा चाखून झाला की मी प्रत्येक भांड्यात थोडा शिल्लक ठेवते आणि तासाभरानं पुन्हा घोट घेते. गरम असताना सुगंध पुढे उभा असतो, मागचं दिसू देत नाही. गार झाल्यावर तो बाजूला होतो आणि पत्ती उरते. शिळी पत्ती खवट लागते, ओल धरलेली कुबट, भाजताना लागलेली करपट. हलक्या पत्तीवर भारी सुगंध चढवलेला असेल तर तो तिथे कळतो. एका व्यापाऱ्यानं (रविवार पेठेतले ते नव्हेत) माझ्या एका पानातलं गार चहाबद्दलचं वाक्य खोडून बाकीचं छापलं होतं. त्यांच्यासाठी मी पुन्हा लिहिलं नाही.

मुरवलेल्या सुगंधाचा चहा मात्र वेगळाच. जास्मिन टी म्हणजे जाई-जुईचा नव्हे, मोगऱ्याचा. चिनी लोक त्यात वापरतात ते फूल आपला मोगराच. फूचौ शहराची ही जुनी कला आहे. वसंतातली पत्ती उन्हाळ्यातल्या फुलांसाठी थांबवून ठेवतात. दिवसा खुडलेल्या मिटल्या कळ्या रात्री उमलू लागल्या की पत्तीत मिसळतात, सकाळी फुलं चाळून काढतात, पत्ती वाळवतात, आणि पुढच्या रात्री ताज्या कळ्या. चांगल्या चहाला अशा सहा-सात रात्री लागतात. शेवटी फूल चहात राहत नाही, राहिलंच तर शोभेपुरतं.

हे वाचल्यावर मला राहवेना. मंडईतून संध्याकाळी पाव किलो कळ्या आणल्या, साध्या हिरव्या चहाबरोबर डब्यात थर लावले आणि हौसेनं दोन दिवस तसेच ठेवले. डबा उघडला तर ओल्या पोत्याचा वास. पत्ती सुगंधाबरोबर फुलातलं पाणीही पिते, हे मी विसरले होते. सगळं टाकून दिलं. दुसऱ्यांदा कळ्या साडेनऊला, पाकळ्या सैल झाल्यावर घातल्या, मध्ये मलमलचं फडकं, आणि पहाटे साडेपाचला काढल्या. पत्ती जाड बुडाच्या कढईत, अगदी मंद आचेवर, हातानं हलवत वाळवली. हाताला सोसेल त्याहून आच जास्त होऊ द्यायची नाही. पहिल्या रात्रीनंतर चहाला काकडीसारखा नुसता हिरवा वास. दुसऱ्या रात्रीनंतरही फारसा फरक नाही. तिसऱ्या रात्री मी कंटाळले होते. कळ्या सासूबाईंनी निवडल्या. चौथ्या सकाळी कोरा चहा केला. वाटीला वास नव्हता म्हटलं तरी चालेल. घोट गिळल्यावर, श्वास सोडताना, मोगरा आला. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘माठातलं पाणी.’ उन्हाळ्यात माठात मोगऱ्याची दोन फुलं सोडतात, ते. माझ्या वहीत त्या चहापुढे एवढेच दोन शब्द आहेत.

एप्रिल २०२१ मध्ये घरात सगळ्यांना कोविड झाला. ताप उतरला, मी स्वयंपाकाला उभी राहिले, आमटीवर फोडणी घातली आणि पाच मिनिटांनी लक्षात आलं की हिंगाचा वास आला नाही. डबीत नाक घातलं. काही नाही. लसूण, फिनेल, जळालेली काडी, काही नाही. ज्या हिंगाला मी तीन वर्षं चुलीपासून लांब ठेवत होते तो आता हातावर चोळून बघत होते, आणि हात जणू दुसऱ्या कुणाचा होता.

व्यापाऱ्यांना मी लगेच कळवलं. आधीच्या वह्या चाळून, आठवणीवरून चार पानं लिहिता आली असती. चहा ओळखीचे होते. पण न चाखलेल्या चहावर माझं नाव जाऊ द्यायचं नव्हतं. ते म्हणाले, ‘ताई, घाई नाही. पण तुमच्या सासूबाईंचं नाक ठीक आहे ना?’ ठीक होतं. त्यांना तापच काय तो आला होता. मग पाच महिने असं चाललं: मी मोजायची, ओतायची, वेळ लावायची, त्या चाखायच्या आणि सांगायच्या, मी लिहायची. मला रंग दिसायचा, तुरट कळायचं, गरम कळायचं. ‘कसा आहे, आई?’ असं विचारताना माझा आवाज कापायचा. त्यांनी एकदाही ‘छान आहे’ एवढ्यावर भागवलं नाही. शोधून, थांबून, नेमकं सांगायच्या, जणू आंधळ्याला वाट सांगावी.

डॉक्टरांनी वासाचा सराव सुचवला. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, चार वास, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. मी चार बाटल्या केल्या. सकाळी आणि रात्री एकेक उघडायची आणि तो वास मनानं आठवत हुंगायचं. सातव्या आठवड्यात लवंगेचा ठसका आला, वास नव्हे, फक्त नाकात काही टोचल्यासारखं. पुढे गोष्टी वाकड्या होऊन परतल्या. कांदा परतताना जळकं रबर, कॉफी तशीच, आणि सगळ्यात वाईट म्हणजे साधा दुधाचा चहाही. ज्या कामावर जीव होता त्याचीच किळस येत होती. त्या दिवसांत मी ओट्याकडे पाठ करून बसायची. डिसेंबरात एका सकाळी सासूबाईंच्या कपातून गवती चहाचा वास आला. तिरपा नाही, जळका नाही, सरळ. मी कप त्यांच्या हातातून घेतला, न विचारता.

बाकीचं हळूहळू आलं. वेलदोडा मात्र अर्धाच आला. वेलदोड्याच्या तेलात मुख्यतः दोन द्रव्यं असतात: एक निलगिरीत असतं तेच सिनिओल, आणि दुसरं टर्पिनाइल अ‍ॅसिटेट, ज्यामुळे त्याला गोडसर, फुलासारखी बाजू येते. मला फक्त पहिलं कळतं, असा माझा अंदाज. श्रीखंडातही मला थंड, औषधी कापरासारखं काही लागतं. ते परत येईल याची वाट बघणं मी आता सोडलं आहे. व्यापाऱ्यांना हे ठाऊक आहे. वेलची असलेल्या प्रत्येक चहाच्या पानाखाली मी एक ओळ लिहिते आणि ती छापली जाते.

गेल्या आठवड्यात केशर-वेलचीचा नमुना आला. सासूबाईंचं वय आता ८१. त्यांनी आपल्या डब्यातला एक वेलदोडा घेतला, नखानं सोलला, हुंगला, मग वाटी उचलली. पुन्हा वेलदोडा, पुन्हा वाटी. गजर कधीच वाजून गेला होता. ‘केशर कसं आहे ते तू लिही,’ म्हणाल्या. ‘वेलदोडा खरा आहे, ठेचलेला. पण दाणा काळा, चिकट राहिलेला नाही. वर्षाचा तरी जुना आहे.’ मी तसंच लिहिलं, आणि खाली नेहमीची ओळ: वेलदोड्याबद्दलचं मत सासूबाईंचं. त्यांनी वाटीतला उरलेला चहा आपल्या बशीत ओतला आणि लांब भुरका मारला.